रजिया, तू मनमिळाऊ नव्हतीस

रजिया, तुझ्या शोकसभेत अधीक्षक साहेब माईक हातात घेऊन म्हणाले, "आतार मॅडम अत्यंत मनमिळाऊ होत्या. शांत स्वभाव, कायम हसतमुख. इतकी वर्षं काम केलं, पण त्यांची कधी कुणाबद्दल तक्रार म्हणून नाही." मी पुढच्याच रांगेत बसले होते. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला येऊन बसलेय. समोर बघितलं तर फोटो तुझाच होता. ओळखपत्रावरचा, कपाळाला आठ्या घातलेला. हसरा फोटो कुणाकडं सापडलाच नाही म्हणे.

शांत? तू? तुझा आवाज लॅबच्या दारातून निघाला की वरच्या मजल्यावर माझ्या बाळंतिणी दचकायच्या. आणि तक्रार नाही? अगं, तक्रारीशिवाय तू दुसरं केलंस काय या दवाखान्यात? पुरुषांच्या वॉर्डात साखर तपासायच्या मशीनच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडंच राहतं, अतिदक्षता विभागात एकाच्याच नावानं लॉगिन करून सगळेच मशीन चालवतात, अपघात विभागात मशीनवर रक्ताचे डाग वाळलेले असतात. रोज सकाळी तू व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर फोटो टाकायचीस आणि खाली लिहायचीस, "हे काय आहे? उत्तर द्या." लोक अंगठा दाखवायचे आणि पुढं जायचे. उत्तर कुणी दिलं नाही. तेच लोक आता त्याच ग्रुपवर जळत्या पणतीची चित्रं टाकून "कधीही भरून न येणारी पोकळी" असं लिहितात. मला ती चित्रं बघवत नाहीत. मी ग्रुप सोडला.

माणूस गेल्यावर त्याचं चांगलंच बोलावं, एवढी रीत मलाही कळते. पण तुझी भांडणं काढून घेतली तर तुझं उरतं काय? ज्या गोष्टीसाठी तू घसा कोरडा केलास तीच पुसून टाकली आणि वर हार घातला. हे लोक तुझ्या फोटोला घाबरत नव्हते. तुझ्या तोंडाला घाबरत होते. तोंड बंद झाल्यावर मनमिळाऊ म्हणायला त्यांचं काय जातंय?

तुझ्या मातीला मी सांगलीजवळ माधवनगरला आले होते. पुरुषमाणसं तुला घेऊन गेली आणि आम्ही बायका घरात बसलो. शेजारणीनं चहा आणला, कुणी घेतला, कुणी नाही. तुझी अम्मी माझा हात धरून बसली होती. मध्येच तिनं विचारलं, "शिष्टर, एक सांगा. आमची रजिया तिथं करायची तरी काय? मी इचारलं की म्हनायची, तुला कळायचं न्हाई."

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, "अम्मी, आता रक्त तपासायला हर वेळी लॅबला न्यावं लागत न्हाई. पेशंटच्या उशाशी छोटं मशीन असतंय. टोचायचं, थेंब लावायचा, लगेच आकडा येतो. त्या आकड्यावर डॉक्टर औषध देत्यात. तसली मशीनं आमच्यात हर वॉर्डात हायती, मेढ्याच्या आन् कोयनानगरच्या शाखेत हायती. ती मशीनं खरं बोलत्यात का खोटं, ते रजिया बघायची."

अम्मीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हंजे मशीनींची मास्तरीण."

कागदावर तुझ्या पदाचं नाव पॉइंट ऑफ केअर कोऑर्डिनेटर असं लांबलचक होतं. अम्मीनं ते दोन शब्दांत आटोपलं. तू असतीस तर मोठ्यानं हसली असतीस.

मशीनींनी तुला कधी छळलं नाही. छळलं ते माणसांनी. मशीन लॅबच्या मालकीचं, ते चालवणारे हात आम्हा नर्सेसचे, स्ट्रिपा स्टोअरच्या ताब्यात, आणि कुठलं मशीन आणायचं हे ठरवणार डॉक्टर, तेही त्या आठवड्यात कुठल्या कंपनीचा माणूस गोड बोलून गेला त्यावर. या चौघांना एका माळेत ओवायचं काम तुझं. कुणी ऐकलं नाही तर काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. तू नर्सला काही बोललीस की मेट्रन म्हणायच्या, माझ्या पोरींना तुम्ही बोलायचं नाही. डॉक्टरला बोललीस तर साहेब म्हणायचे, मॅडम, जरा सांभाळून. स्टोअरवाला तर तू दिसलीस की जेवायला जायचा. पण आकडा चुकला की सगळ्यांची बोटं तुझ्याकडं वळायची. तेव्हा मात्र मशीन एकट्या आतार मॅडमचं.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. आठवतं का? माझ्या बाळंतीण वॉर्डात जावळी खोऱ्यातली एक पोरगी बाळंत झाली होती. घरात खूप वर्षांनी पाळणा हलला म्हणून बाळाचा बाप कंदी पेढ्यांचे पुडे घेऊन आला. साताऱ्यात पेढा नको म्हणायचं म्हणजे त्यांच्या पोराला नाव ठेवल्यासारखं. नर्स, आया, झाडूवाली, शेजारच्या खाटेवरची बाळंतीण, सगळ्यांना पेढे. आजीनंही खाल्ला. बाळ जरा बारीक होतं, म्हणून त्याची साखर बघायची होती. माझ्या नर्सनं टाच पुसली, टोचली. बाळानं पाय ओढला तशी आजी मदतीला धावली, पाय धरला आणि आपल्याच बोटांनी दाबून थेंब काढून दिला. आकडा छान आला. सगळे खूश.

तू त्याच वेळी मशीन बघायला आली होतीस. आकड्याकडं बघितलं नाहीस, आजीच्या हाताकडं बघितलंस. म्हणालीस, "आजी, पेढा कुठल्या हातानं खाल्ला?"

आजी म्हणाली, "आवं, उजव्याच की! डाव्यानं कोन खातंय?"

तू बाळाच्या दुसऱ्या पायाची टाच साध्या पाण्यानं धुवायला लावलीस आणि तिथून परत तपासलंस. आकडा बघून डॉक्टर पळत आले. पहिली साखर बाळाची नव्हतीच, आजीच्या बोटाला चिकटलेल्या पेढ्याची होती. बाळाला सलाईनमधून साखर दिली, संध्याकाळपर्यंत ते आईला लुचायला लागलं. माझा जीव भांड्यात पडला.

इथवर मी तुझी ऋणी. पण दुसऱ्या दिवशी तू माझ्या वॉर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंस, "पेढे आत आणू नयेत." साताऱ्यात! बाळंतीण वॉर्डाच्या दारावर! नातेवाईक भडकले. एक जण म्हणाला, "आमच्या पोराचा पेढा चालत न्हाई, मग पोराला तरी कशाला हात लावताय?" कुणीतरी पुढाऱ्याला फोन केला. शिव्या कुणाला? तुला नाही. तू खाली लॅबमध्ये. शिव्या आम्हाला. मी तरातरा खाली आले आणि सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "नियम तुझा आन् बोलणी आमाला? एवढा शहाणपणा असंल तर दारात उभी ऱ्हा आन् तूच लोकांच्या हातनं पुडं काढून घे."

तू खरंच आलीस. जिन्याच्या वळणावर टेबल टाकलंस, बाजूला साबण आणि पाण्याची बादली ठेवलीस. पेढे तिथं खायचे, हात धुवायचे आणि मग आत. पहिले काही दिवस स्वतः उभी राहिलीस. लोकांनी तुला पेढेवाली मॅडम म्हणायला सुरुवात केली. एवढं करून तिथला सगळ्यात जास्त पेढा कुणी खाल्ला असेल तर तू. येणाऱ्याजाणाऱ्या बापाला "मुलगा का मुलगी?" विचारायचं, हात पुढं करायचा आणि मुलगी म्हटलं की दुसरा मागून घ्यायचा. त्या टेबलानं आपलं भांडण मिटवलं. म्हणजे ते भांडण मिटलं, पुढची सुरू झाली.

मी माणदेशातली. आमचं घर मेंढरामागं फिरलेलं. कोकरू आजारी पडलं तर माझा बाप त्याचा कान हातात धरून सांगायचा, हे जगंल का न्हाई. मी तशीच शिकले. बाळाचा रंग, रडणं, लुचायचा जोर बघून मला कळतं. म्हणून मी तुला म्हणायचे, "मशीनच्या आधी मी बाळाकडं बघते. तुझा आकडा मागनं." त्यावर तू म्हणायचीस, "ताई, तुमचे डोळे चांगले हायती, कबूल. पण तुमी घरी गेल्यावर वॉर्डात कोण असतंय? कालच आलेली पोरगी. तिला तुमचे डोळे काढून देऊ का मी? तिच्याकडं मशीनच हाय. ते तरी खरं बोलायला पायजे." मला याचं उत्तर सुचायचं नाही, म्हणून मी आवाज चढवायचे. तू त्याच्यावर चढवायचीस.

कोयनानगरला आपण एकदा बरोबर गेलो होतो. घाटात तुला गाडी लागली. एका हातात उलटीची पिशवी, पण दुसऱ्या हातातला थर्मास काही सोडला नाहीस. त्यात तुझी ती तपासणीच्या द्रावणाची बाटली होती. ज्याची साखर आधीच माहीत आहे असा थेंब मशीनला लावायचा आणि मशीन बरोबर सांगतंय का ते बघायचं, एवढी साधी परीक्षा. कोयनेच्या पावसाळी हवेत तिथं भिंतींना बुरशी धरते, आणि स्ट्रिपची डबी झाकणाशिवाय खिडकीत, स्ट्रिपा ओल धरून बिघडलेल्या. परीक्षेत मशीन सपशेल नापास झालं. तू तिथल्या तिथं ते बंद केलंस. तिथला डॉक्टर म्हणाला, "मॅडम, थोडंफार इकडंतिकडं होणारच. मशीन नाही तर मी पेशंटला काय साताऱ्याला पाठवू?" तू म्हणालीस, "खोटा आकडा बघून औषध देण्यापेक्षा पाठवा." त्यानं तुझ्यादेखत साहेबांना फोन लावला. साहेबांनी फोनवर तुला हुकूम केला, मशीन चालू करा. नव्या स्ट्रिपा नंतर पाठवू.

तू चालू केलंस. तुझा चेहरा मला आठवतो. बंद करायचं काम तुझं आणि चालू करायचा हुकूम त्यांचा. परतताना गाडीत, पाटण मागं पडल्यावर तू एकदम म्हणालीस, "ताई, मला पगार कशाचा देतात हे लोक?" मी म्हटलं, "ओरडायचा." तुला हसू आलं, पण डोळ्यांत पाणी होतं. नव्या स्ट्रिपा यायला किती काळ लागला हे मला माहीत आहे, कारण त्या तू स्वतः एसटीनं नेऊन दिल्यास, सुट्टीच्या दिवशी. शोकसभेत हे कुणी सांगितलं नाही. मनमिळाऊ म्हटलं की असलं काही सांगावं लागत नाही.

आता आपल्या शेवटच्या भांडणाकडं येते. त्यावर मी बोलणार नाही असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस.

माझ्या वॉर्डात रोज सकाळची ती परीक्षा काही दिवस झाली नव्हती. का झाली नव्हती? माझ्या दोन नर्स आजारी, बदली कुणी नाही, आणि सकाळी बाळंतपणांवर बाळंतपणं. माझ्या पोरींना पाणी प्यायला वेळ नव्हता. तू आलीस, काही विचारलं नाहीस आणि माझं मशीन बंद केलंस. त्याच दुपारी एका बाळाची साखर बघायची होती, तर आयाला रक्त घेऊन जिन्यानं खाली लॅबमध्ये पळवावं लागलं, कारण लिफ्ट नेहमीसारखी बंद. मी तुला म्हटलं, "तुझ्या मशीनचा मान बाळापेक्षा मोठा झाला का गं?" तू म्हणालीस, "शिंगाडे सिस्टर, मी सगळ्यांना एक नियम लावायचा आन् मैत्रिणीला दुसरा?" तू चिडल्यावरच मला शिंगाडे सिस्टर म्हणायचीस. मग आपण बोललो नाही. शनिवारी तू नेहमीसारखी सांगलीच्या गाडीला गेलीस आणि रविवारी सकाळी फोन आला की तुझ्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यायच्या आतच तू गेलीस.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला माफ करावं. मी करणार नाही, कारण माफी मागायचं काम तुझं राहिलंय. तू चुकली होतीस, रजिया. मशीन बरोबर होतं, हे दुसऱ्या दिवशी तूच तपासून बघितलंस. बंद करण्याऐवजी लॅबचा एक माणूस सकाळी वर पाठवला असतास तर भागलं असतं. मला हे अजूनही वाटतं, आणि आता माझ्याशी वाद घालायला तू नाहीस याचा मला भयंकर राग येतो.

तुझ्या मातीच्या दिवशी मी निघताना अम्मीनं मला दारात थांबवलं. म्हणाली, "शिष्टर, तुमीच का त्या शिंगाडे? दर शनवारी आली की तुमच्याच नावानं वरडायची. म्हनायची, अम्मी, लय डोकं खाती ती बाई. मी म्हनलं, मग बोलू नगंस. तर म्हनली, तिच्याशी न्हाई बोलायचं तर मग तिथं बोलायचं कुनाशी?" सांगलीच्या स्टँडपर्यंत मला काही दिसत नव्हतं. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "बरं वाटतंय न्हवं, मावशी?"

तुझा चाळिसावा अजून व्हायचाय, आणि तुझी जागा मात्र गेली. तुझं पद पुन्हा भरायचं नाही असं ठरलं. साहेबांनी सगळ्या वॉर्डांच्या प्रमुख नर्सेसना बोलावलं आणि सांगितलं, "आताची मशीन्स स्वयंचलित आहेत. वेगळा समन्वयक लागत नाही. ज्याच्या त्याच्या वॉर्डानं आपापलं बघावं. आणि मशीन बंद करण्याचा प्रकार आता थांबवू या, रुग्णसेवेत अडथळा येतो." मी विचारलं, "मेढा आन् कोयनानगर कोण बघणार?" साहेब म्हणाले, "तिथले लोक बघतील." मी विचारलं, "आन् त्यांनी न्हाई बघितलं तर?" त्यांनी घड्याळाकडं बघितलं. तुझी आयुष्यभराची खटपट "प्रकार" या एका शब्दात गेली. बाकीच्या नर्सेस खाली बघत होत्या. त्यांचंही खरं आहे, आधीच अंगावर काम मावत नाही, त्यात हे.

पुढचं मला तुला सांगायचं नव्हतं. पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

परवा मेढ्याहून एक बाळ आलं. जन्मल्यापासून मलूल, अंगावर प्यायचं नाही. तिथल्या नर्सनं साखर बघितली होती, एकदा नाही, परत परतही. आकडा दर वेळी चांगला. म्हणून सगळे म्हणत राहिले, थकलंय, पिईल. इथं पोचलं तेव्हा त्याला झटके येत होते. आमच्या लॅबमध्ये साखर तपासली, तर फारच कमी. साखर दिली, झटके थांबले. बाळ आता डोळे उघडतंय, चमच्यानं थोडं दूध घेतंय. पुढं त्याचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणतात, मोठं होताना बघावं लागेल.

काल माझी सुट्टी होती. माझ्या वॉर्डातलं मशीन, ज्याच्यावरून आपण भांडलो तेच, मी नीट तपासून घेतलं आणि नव्या स्ट्रिपांसकट पिशवीत घालून मेढ्याच्या एसटीत बसले. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

तिथली नर्स कोवळी पोर आहे. स्ट्रिपची डबी स्टोव्हच्या शेजारी होती, उकळायची भांडी तिथंच असतात म्हणून सोयीची जागा. झाकण कधीचं हरवलेलं. मी तिला रागवायला तोंड उघडलं तेवढ्यात तीच रडायला लागली. "सिस्टर, मला तवाच वाटत हुतं, बाळ बरं न्हाई. पन मशीन म्हनतंय बरं हाय. आतार मॅडम दर म्हयन्याला यायच्या, त्यांना लगीच फोन केला असता. त्या वरडल्या असत्या, पन आल्या असत्या. आता कुनाला करायचा फोन?"

मी तिला रागवले नाही. माझं मशीन तिच्या हातात दिलं, तिचं स्ट्रिपच्या डबीसकट माझ्या पिशवीत टाकलं. निघताना माझा नंबर भिंतीवर लिहून आले.

ते मशीन आज सकाळी आमच्या लॅबनं तपासलं. ज्या थेंबाची साखर कमी आहे हे आधीच माहीत आहे, त्यालाही ते चांगला आकडा दाखवतंय. खराब स्ट्रिपा. बाकी काही नाही, झाकण नसलेली एक डबी आणि ती बघायला न गेलेलं कुणीतरी. माझ्या वॉर्डातल्या बाळांचं रक्त आता जिन्यानं खाली जातंय. आया जाता-येता बघते माझ्याकडं. हसू नकोस. तू चुकली होतीस हे माझं म्हणणं तसंच आहे.

दुपारी साहेबांचा निरोप आला, ताबडतोब या. मेढ्याच्या डॉक्टरनं कळवलं होतं की मी न विचारता मशीन उचलून नेलं. मी निघाले. वाटेत नवजात विभागाच्या बाहेर बाकावर त्या बाळाची आई बसली होती. अजून नीट चालताही येत नाही तिला, पण खाटेवर थांबत नाही. तिनं मला हाक मारली.

"आवं सिस्टर, एक इचारू का? मेढ्यात तर आकडा चांगला दावत हुता. हर टायमाला. मग माझ्या बाळाला असं कसं झालं?"

काय उत्तर द्यायचं असतं ते आम्हाला शिकवलेलं आहे. डॉक्टरांना विचारा, असं म्हणायचं आणि पुढं जायचं. मी तिच्या शेजारी बसले.

म्हटलं, "मशीन खोटं बोलत हुतं. मशीनं तपासायला आमच्यात एक बाई हुती. ती गेल्या म्हयन्यात वारली. तिच्या जागी कुणालाच ठेवलं न्हाई."

तिनं विचारलं, "का न्हाई ठेवलं?"

मी खूप शोधलं, रजिया. एकही उत्तर असं सापडलं नाही की जे त्या पोरीच्या तोंडाकडं बघून देता येईल. मी उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांसमोर मेट्रन होत्या, लॅबचे प्रमुख होते. साहेब म्हणाले, "बसा, सिस्टर. कुणाच्या परवानगीनं केलंत हे?"

मी बसले नाही. म्हटलं, "साहेब, मेढ्याच्या बाळाची आई भाईर बसलीय. आतार मॅडमच्या जागी कुणाला का ठेवलं न्हाई, असं इचारतीया. मला सांगता येईना. तिला आत बोलवू, का तुमी भाईर येताय?"